सहा वर्षांची शिक्षणसेवकी

ताई, नमस्कार.

मी मूळची वाळवा तालुक्यातली. घरची चार एकर जमीन, त्यातली दीड एकर क्षारपड. ती बघत वाढले आणि शेती अभियांत्रिकीकडे वळले. आता अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका राज्य विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर आहे, टेन्युअर ट्रॅकवर, म्हणजे पारखून मग कायम करतात अशा जागेवर. तिसरं वर्ष संपत आलंय. इथं मक्याच्या शेतांखाली निचऱ्याच्या नळ्या पुरलेल्या असतात. त्यांतून वाहून जाणारं नायट्रेट नदीत जाण्याआधी कसं अडवायचं, हा माझा विषय.

मुलगी दीड वर्षाची आहे. नवरा घरून काम करतो, पण त्याचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो. आई सहा महिन्यांसाठी आली आहे. तिला मी पोळ्या करायला आणि मूल सांभाळायलाच आणलंय की काय, असं मनात येतं आणि घास उतरत नाही. डिपार्टमेंटमध्ये मी पाच कमिट्यांवर आहे. विद्यार्थी रडायला माझ्याच ऑफिसात येतात. एक पेपर आठ महिने 'चर्चा' या भागात अडकलाय. एनएसएफ या अमेरिकी सरकारी विज्ञान संस्थेच्या करिअर ग्रँटसाठीचं (नव्या प्राध्यापकांसाठीचा संशोधन निधी) पहिलं प्रपोजल नाकारलं गेलं. रात्री दोनला उठून बरोबरीच्या लोकांची सायटेशन्स, म्हणजे त्यांच्या पेपरांचे इतरांनी दिलेले दाखले, बघत बसते, आणि दिवसा एका कामावर वीस मिनिटंही टिकत नाही. गेल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या रिव्ह्यूचं पत्र आलं: सेवा उत्कृष्ट, अध्यापन समाधानकारक, संशोधनाचा वेग वाढायला हवा.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. दर रविवारी फोनवर विचारतात, "झालीस का पर्मनंट?" काय सांगू त्यांना? लक्ष कसं लावू? आणि हे सगळं करताना माणूस म्हणून शिल्लक कशी राहू?

तुमची,
मक्याच्या शेतातली एक वाचक



तुला 'तू'च म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी एकतीस वर्षं अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं. त्यातली सहा वर्षं टेन्युअरच्या फायली वाचणाऱ्या कमिटीत काढली. तेव्हा तुझ्या पत्रातल्या बऱ्याच गोष्टी मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिल्या आहेत.

आधी अण्णांचा प्रश्न. त्यांना सांग, ही सहा वर्षांची शिक्षणसेवकी आहे. लगेच कळेल त्यांना. त्यांच्या शाळेत नव्यानं लागलेली मुलं तीन वर्षं मानधनावर काढून मग नियमित झालेली त्यांनी पाहिली असणार. इथला फरक एवढाच, की सहाव्या वर्षी तुला नव्यानं पारखतात आणि पारखणाऱ्यांतले बरेच जण तुला ओळखतही नसतात. अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेनं, एएयूपीनं, १९४० मध्ये कॉलेजांच्या संघटनेबरोबर एक निवेदन काढलं. उमेदवारीचा काळ सात वर्षांहून जास्त नसावा, असं त्यात म्हटलं होतं. तुझं 'सहावं वर्ष' तिथून आलं. सहाव्यात निर्णय होतो, आणि नकार आला तर सातवं वर्ष दुसरीकडे शोधायला मिळतं. म्हणजे तुझ्यासारख्या नव्या माणसाला वर्षानुवर्षं टांगून ठेवू नये, म्हणून ही मुदत घातली गेली. आज तीच तुला गळ्याला फास वाटते आहे, हे मी समजू शकते.

लक्ष लागत नाही याचं खापर तू स्वतःच्या शिस्तीवर फोडतेस. मला ते पटत नाही. शिस्त नसलेली मुलगी वाळव्यातून निघून पीएचडी करून तिथवर पोचत नाही. तू घाबरली आहेस, आणि त्या भीतीला शेंडा ना बुडखा. कोण ठरवणार, कशावरून ठरवणार, कधी ठरवणार, हे तुझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट नाही. म्हणून प्रत्येक ईमेल, प्रत्येक कमिटी, प्रत्येक रडणारा विद्यार्थी तुला सारख्याच मोलाचा वाटतो. सगळंच निकडीचं झालं की माणूस कुठंच टिकत नाही, सारखा दचकत राहतो. रात्री दोनला ती सायटेशन्स बघणं हे त्याच दचकण्याचं रूप आहे.

तेव्हा आधी फाइलीचा प्रवास बघ. पाचवं वर्ष संपता संपता, साधारण मे-जूनमध्ये, तुझं डिपार्टमेंट बाहेरच्या विद्यापीठांतल्या पाच-सात-आठ प्राध्यापकांना पत्र लिहील. काही नावं तू सुचवशील, काही ते काढतील. तुझे पीएचडीचे ॲडव्हायजर आणि सहलेखक त्यात बहुधा चालत नाहीत. त्या लोकांच्या हातात तुझा सीव्ही, संशोधनाचं निवेदन आणि चार-पाच पेपर एवढंच असेल. सहाव्या वर्षी त्यांची पत्रं आली की डिपार्टमेंटचं मत, चेअरचं म्हणजे विभागप्रमुखाचं पत्र, मग कॉलेजची कमिटी, डीन, प्रोव्होस्ट (विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमुख) आणि शेवटी विद्यापीठाचं मंडळ अशी फाइल वर सरकते. तुझ्या विद्यापीठात एखादी पायरी कमी-जास्त असेल, ती तिथल्या नियमावलीत बघून घे.

आता हे उलटं मोज. पत्रं जायला दोन वर्षं आहेत. त्या वेळी पेपर छापून आलेले हवेत. तुमच्या क्षेत्रात पेपर पाठवण्यापासून छापून येईपर्यंत, दुरुस्त्या धरून, सहा महिने ते वर्ष जातं. म्हणजे ज्या कामावर तुझा निवाडा होणार, त्यातलं बहुतेक पुढच्या बारा ते पंधरा महिन्यांत तुझ्या हातून सुटलेलं असायला हवं. हे वाचून पोटात गोळा येईल, येऊ दे. ही निदान दिसणारी, मोजता येणारी भीती आहे. एका मोठ्या कागदावर हे महिने आख आणि ऑफिसच्या दाराच्या आतल्या बाजूला लाव.

रिव्ह्यूच्या पत्राबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण अशी पत्रं मी लिहिली आहेत. 'सेवा उत्कृष्ट' वाचून तुला थोडं बरं वाटलं असेल. तिसऱ्या वर्षी हे दोन शब्द दिसले की कमिटीतले अनुभवी लोक एकमेकांकडे बघतात. त्यांचा अर्थ असा असतो, की ही मुलगी आमची कामं फार करते आहे आणि तिला कोणी थांबवलेलं नाही. सेवा उत्कृष्ट होती म्हणून टेन्युअर मिळालेली फाइल मी सहा वर्षांत एकही पाहिली नाही. सेवा बेताची होती म्हणून नाकारलेलीही पाहिली नाही. तुझ्या कराराच्या पत्रात कदाचित संशोधन, अध्यापन, सेवा यांची चाळीस-चाळीस-वीस अशी टक्केवारी असेल. तो वीसचा आकडा खरा मान. पाच दिवसांच्या आठवड्यात वीस टक्के म्हणजे एक दिवस, आणि पाच कमिट्या एका दिवसात बसत नाहीत.

यात तुझा स्वभाव हे सगळं कारण नाही. अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की ज्या कामांनी बढती मिळत नाही अशी कामं करायला बायकांना पुरुषांपेक्षा जास्त वेळा विचारलं जातं आणि त्या जास्त वेळा होही म्हणतात. त्यात तू परदेशातून आलेली, नवी, आणि 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं असतं असं शिकलेली. आपल्याकडे घरात कोणी काही मागितलं तर उठून देण्याची सवय लागलेली असते. ती सवय घेऊन मीही गेले होते.

तेव्हा चेअरकडे वेळ माग. हे पत्र आणि पाच कमिट्यांची यादी समोर ठेव आणि सरळ विचार: "संशोधनाचा वेग वाढवा असं तुम्हीच लिहिलंय. मग यातल्या कुठल्या तीन सोडू?" सोडू का, असं विचारू नकोस. कुठल्या सोडू, असंच विचार. बरे चेअर या प्रश्नानं सुटकेचा श्वास टाकतात, कारण तुला टेन्युअर मिळालं नाही तर तुझी जागा परत मिळेल याची त्यांनाही खात्री नसते. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलनं त्यांना लिहून पाठव. पुढच्या वर्षी चेअर बदलले तर ते ईमेल तुझ्या कामी येईल. आणि यापुढे कोणी काही मागितलं तर जागच्या जागी हो म्हणायचं नाही. "उद्या सांगते" एवढंच म्हणायचं.

रडणाऱ्या विद्यार्थ्यांचं मात्र मला तोडून टाकता येत नाही. त्यातली काही आपल्याकडचीच पोरं असतील, पहिल्या हिवाळ्यात कोसळलेली. त्यांना दार बंद करू नकोस. आठवड्यातले दोन ठरावीक तास त्यांचे ठेव, दारावर लिही, आणि विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा नंबर समोर चिकटवून ठेव. त्या केंद्रात पहिल्यांदा जायला त्यांना लाज वाटते. एखाद्या वेळी तू स्वतः सोबत चालत गेलीस तर ती दहा मिनिटं पुढचे दहा तास वाचवतात, आणि त्या मुलालाही तुझ्यापेक्षा जाणत्या माणसाची मदत मिळते. यात गेलेला वेळ वार्षिक अहवालात मांड. न लिहिलेलं काम तिथं कोणाला दिसत नाही.

आता आठ महिने अडलेला तो पेपर.

माझी तिसऱ्या वर्षाची गोष्ट सांगते. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. मी मोकळ्या दिवसाची वाट बघायचे. सेमिस्टर संपलं की, तो दिवाळीच्या आसपासचा गोंधळ सरला की, उन्हाळा लागला की बसू. उन्हाळा लागायचा आणि मी पहिला आठवडा आधी काय लिहिलं होतं ते आठवण्यात घालवायचे. रिव्ह्यूचं पत्र आलं तेव्हा मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ते चार वेळा वाचलं आणि मागच्या सीटवर दूध तापत राहिलं. माझ्या शेजारच्या ऑफिसात इतिहासाच्या एक बाई होत्या, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मला ग्रंथालयाच्या तळघरात घेऊन गेल्या. तिथं भिंतीला लागून लाकडी खण होते, एका माणसापुरते. त्यांनी पिशवीतून स्वयंपाकघरातलं चावीचं टायमर काढलं, पंचेचाळीस मिनिटं लावलं, रुमालात गुंडाळलं म्हणजे टिकटिक ऐकू येऊ नये, आणि स्वतः शेजारच्या खणात लिहायला बसल्या.

पहिल्या दिवशी माझी चार वाक्यं झाली. त्यातली दोन मी दुसऱ्या दिवशी खोडली. पण दुसऱ्या दिवशी मी आठवण्यात वेळ घालवला नाही, कारण त्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती. टायमर वाजला की वाक्य पूर्ण करायचं नाही. अर्धंच सोडायचं, आणि खाली पेन्सिलीनं लिहायचं, उद्या कुठून: "तक्ता २ मधली तिसरी ओळ का वेगळी, ते सांग." सकाळी आलं की ती पेन्सिलीची ओळ वाट बघत असते. आम्ही दोघी त्या खणांत दोन वर्षं बसलो, आठवड्याचे चार दिवस. माझे सगळे महत्त्वाचे पेपर त्या पंचेचाळीस मिनिटांचे आहेत.

हे फक्त माझ्या अनुभवाचं नाही. रॉबर्ट बॉइस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नव्या प्राध्यापकांचा बरीच वर्षं अभ्यास केला. मोठ्या बैठकीची वाट बघणारे कमी लिहितात, आणि रोज थोडा वेळ बसणारे जास्त, असं त्याला पुन्हा पुन्हा दिसलं. मी संख्याशास्त्राची असल्यामुळे असल्या निष्कर्षांकडे जरा चष्मा पुसून बघते, पण हा माझ्या हाताखालून गेलेल्या फायलींशी जुळतो.

तुझ्या कामाची एक अडचण मला दिसते. एप्रिल ते जून नळ्यांतून पाणी जोरात वाहतं, तेव्हा तू शेतावर नमुने घेत असशील, चिखलाच्या बुटांत. तेव्हा पंचेचाळीस मिनिटं जमणार नाहीत. मग वीस घे, गाडीत बसून, आवाज रेकॉर्ड करून. मराठीत बोललीस तरी चालेल. खरं तर मराठीतच बोल. ज्या भागात अडलीस तो 'चर्चा' आहे, निष्कर्षांचा भाग नाही, हे मला बोलकं वाटलं. आकडे तुझ्याकडे आहेत, त्यांचा अर्थ काय हे ठामपणे म्हणायला तू कचरते आहेस. अण्णांना फोनवर सांगतेस तसं सांग: लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या चरातून पाणी सोडलं की जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. पण वसंतात पाणी गार असतं आणि लोंढा मोठा असतो, तेव्हा ते सगळं पेलत नाही. मग त्या दिवसांत काय करायचं? हे तू मराठीत दोन मिनिटांत सांगशील. ते लिहून काढ आणि मग इंग्रजीत घाल.

आणि तुझी क्षारपड जमीन. ती तू पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलीस, पण तुझ्या संशोधनाच्या निवेदनात ती आहे का? वाळवा, मिरज, शिरोळ या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून जमिनी पांढऱ्या पडल्या, आणि आता त्या सुधारायला जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकताहेत. मिडवेस्टात शंभरहून अधिक वर्षं जे चाललंय त्याचंच हे नवं भावंड. निचरा केला की जमीन सुटते, आणि खतं पाण्याबरोबर नदीत जातात. एका ठिकाणी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातापर्यंत गेली, दुसरीकडे कृष्णेत जाऊ शकतात. हा प्रश्न दोन्हीकडून पाहिलेली माणसं तुझ्या क्षेत्रात फार नसणार. बाहेरच्या परीक्षकानं एका वाक्यात तुला ओळखायचं असेल तर ते वाक्य इथं आहे. तुझे ॲडव्हायजर जे करतात त्याहून तुझं काम वेगळं कुठं, हे फाइलीत सिद्ध करावं लागतं. तेही इथंच आहे.

करिअर ग्रँटचं थोडक्यात. तीनदा अर्ज करता येतो, तुझा एक झालाय. मुदत जुलैत असते. पॅनेलचा अभिप्राय तू नकाराच्या दिवशी वाचला असशील, म्हणजे वाचलाच नाहीस. आता पुन्हा वाच, मुद्दे एका पानावर उतरव आणि एनएसएफमधल्या तुझ्या विषयाच्या प्रोग्रॅम ऑफिसरला ते पान पाठवून फोनवर वेळ माग. आपली माणसं हे करत नाहीत, साहेबाला त्रास कशाला म्हणून. ते त्यांचं कामच आहे. २०२५ मध्ये चालू ग्रँटासुद्धा रद्द झालेल्या आपण पाहिल्या, त्यामुळे एकाच दाराशी बसून राहू नकोस. कृषी खात्याकडे आणि राज्यातल्या मका-सोयाबीनवाल्यांच्या संघटनांकडेही तुझ्या विषयाला जागा आहे.

अध्यापन समाधानकारक आहे, ते तसंच राहू दे. एका तासाच्या लेक्चरसाठी दोन तासांहून जास्त तयारी करू नकोस, आणि चेअरला सांगून पुढची दोन वर्षं तेच कोर्स मागून घे. उच्चारांबद्दल कोणी विद्यार्थी काही लिहित असेल, तर पहिली पाच मिनिटं सावकाश बोल आणि तांत्रिक शब्द फळ्यावर लिही, बस. सेमिस्टरच्या मध्यावर एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला वर्गात बसवून त्याचं लेखी मत फाइलीला लाव. विद्यार्थ्यांच्या निनावी फॉर्मपेक्षा कमिटी ते जास्त गंभीरपणे घेते.

तू एक गोष्ट लिहिली नाहीस आणि मला ती विचारायची आहे. मुलगी झाली तेव्हा घड्याळ थांबवून घेतलंस का? मूल झालं की टेन्युअरची मुदत एक वर्ष पुढे नेण्याची सोय बहुतेक विद्यापीठांत आहे. काही ठिकाणी अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जालाही मुदत असते. 'कमकुवत दिसेन' म्हणून तू घेतलं नसशील, असं मला उगाच वाटतंय. याच आठवड्यात प्रोव्होस्टच्या कार्यालयातल्या प्राध्यापक विभागाला लेखी विचार. ही सोय सगळ्यांना सारखी लागत नाही, हेही खरं. अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांवरच्या २०१८ मधल्या अभ्यासात दिसलं, की आई-बाप दोघांना सरसकट वर्ष दिलं तेव्हा पुरुषांचा टेन्युअर मिळण्याचा दर वाढला आणि बायकांचा घटला. पण म्हणून तू ती नाकारावीस असं काही नाही. वर्ष हाताशी असलं तर घे. गरज पडली नाही तर ते न वापरता आधी जाता येतं का, तेवढं विचारून ठेव.

आणि व्हिसा. रात्री दोनची भीती निम्मी त्याची असणार, कारण तुझी नोकरी गेली तर नुसती नोकरी जात नाही. विद्यापीठानं तुझं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी नोकरी देणाऱ्यानं करायचा अर्ज, मंजूर करून घेतलंय का बघ. झालं असेल तर नोकरी बदलली तरी ग्रीन कार्डच्या रांगेतली तुझी तारीख साधारणपणे तुझ्याकडेच राहते. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी नसते, त्यामुळे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं कंपनीत जाण्यापेक्षा सोपं. एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला तासाचे पैसे देऊन हे सगळं तुझ्या कागदांवर तपासून घे. वाईटात वाईट काय होईल हे कागदावर लिहिलेलं असलं की झोप लागते.

वाईटात वाईट म्हणजे नकार. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनना हार्वर्डनं टेन्युअर दिलं नाही. ते १९६८ मध्ये कॉर्नेलला गेले आणि पुढं त्यांनी काय केलं ते जगाला माहीत आहे. आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचं बघ. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाऊन-येऊन त्यांनी गणित आणि इतिहास दोन्ही केलं, आणि १९६२ मध्ये त्यांचा करार पुढं चालू ठेवला गेला नाही. तरी ते लिहीत राहिले, आणि त्यांचं काम आज आपण वाचतो. अण्णांनी बहुतेक वाचलं असेल, विचार त्यांना. तुला नकार यावा असं माझ्या मनात मुळीच नाही, आणि तुझ्या पत्रावरून मला तसं वाटतही नाही. फक्त त्या मंडळाच्या मताला तुझ्या कामाची किंमत समजू नकोस.

समतोलाबद्दल विचारलंस. घर आणि काम दोन पारड्यांत सारखं ठेवायचं, असा तो नसतो. निदान लहान मूल आणि टेन्युअर एकत्र असताना तरी नाही. काही गोष्टी तू चांगल्या करशील आणि काही जेमतेम, एवढंच हातात असतं. जेमतेम कुठल्या करायच्या हे आधीच ठरव. घराची झाडलोट, लेक्चरच्या स्लाइडांचे रंग, मंडळाच्या गणपतीतली जबाबदारी, इतर लोकांच्या पेपरांचे रिव्ह्यू महिन्याला एकापेक्षा जास्त. हे जेमतेम. रात्रीची झोप त्यात घालू नकोस. फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेव, गजराला दुसरं घड्याळ आण. दोनला जाग आली आणि फोन हाताशी नसला तर माणूस पाणी पिऊन परत झोपतो. आणि नवऱ्याशी बसून सकाळचं ठरव. त्याचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळानं उशिरा सुरू होतो, म्हणजे साडेदहापर्यंत मुलगी त्याची. हे सोन्यासारखे तास आहेत आणि आज ते कोणाच्या नावावर नाहीत.

'टेन्युअर झालं की जगू' हे मात्र करू नकोस. मी केलं. माझी आई ज्या वर्षी माझ्याकडे आली होती, त्या वर्षी मी तिला समुद्र दाखवायचा म्हणून ठेवला आणि पुढच्या वर्षावर ढकलला. पुढच्या वर्षी ती प्रवास करण्याच्या स्थितीत नव्हती. तुझी आई पोळ्या करते आहे त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तिला तू हवी आहेस आणि नातीचा मुका हवा आहे, पोळ्या तिच्या हाताच्या रोजच्या सवयीच्या आहेत. पण आठवड्यातली एक दुपार तिच्यासाठी काढ आणि तिला तुझ्या शेतावर ने. क्षारपडीतून नांगर ओढलेल्या घरची ती. मक्याखालच्या नळीच्या तोंडाशी तिला उभी कर, हाताला ते गार पाणी लागू दे, आणि तू काय करतेस ते तुझ्या शब्दांत सांग. ती जे प्रश्न विचारेल ते लिहून घे.

रविवारी अण्णांना सांग, "अजून तीन वर्षं, अण्णा." आणि मग त्या आठवड्यात नळीच्या तोंडाशी नायट्रेट किती भरलं तो आकडा सांग. तिथं पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला दहा मिलिग्रॅम नायट्रोजनची आहे हेही सांग, म्हणजे त्यांना आकडा मोठा की लहान ते कळेल. पुढच्या रविवारी ते आधी आकडा विचारतील, बघ.

आणि उद्या सकाळी साडेआठला, मुलगी बापाकडे देऊन, टायमर लावून बस. 'चर्चा'तला पहिला परिच्छेद सोडून दे, तो तुला आठ महिने छळतोय. दुसऱ्यापासून सुरू कर, वसंतातल्या गार पाण्यापासून.